आमच्या कंटाळ्याचं हृदयपरिवर्तन

आमच्या सिहोऱ्यात मोटार ही चालवण्याची नसून ढकलण्याची वस्तू आहे, असं लोकांचं पुष्कळ वर्षं मत होतं. या मताला सर्वस्वी आमचे बाबा जबाबदार. गावानं दुसऱ्या मोटारी पाहिल्या नव्हत्या असं नाही. तुमसर-बपेरा रस्त्यावरून एस.टी. जायची, धानाचे ट्रक जायचे, निवडणुकीच्या दिवसांत जिपाही धूळ उडवून जायच्या. पण त्या आपल्या यायच्या आणि जायच्या. गावाचा त्यांच्याशी संबंध फार तर नाकापुरता. बाबांच्या गाडीशी मात्र गावाचा संबंध हाताचा होता. दोन्ही हातांचा, आणि जोर लावून.

ही गाडी म्हणजे कॉन्टेसा. बाबांचा एका राईस मिलमध्ये चार आणे हिस्सा होता आणि अंगात बारा आणे हौस होती. १९९६ साली त्यांनी नागपुरातल्या एका कंत्राटदाराकडून दोन वर्षं वापरलेली पांढरी कॉन्टेसा विकत घेतली. गाडी एवढी लांब, की तिचं तोंड बसस्टँडवर पोचल्यावर जरा वेळानं बाबा पोचायचे. गावातल्या पोरांना तिचं नाव लगेच पाठ झालं. पण शेजारच्या बुढीच्या तोंडात ते काही बसेना. तिनं दोन-तीनदा प्रयत्न केला आणि मग आपल्या सोयीनं त्याचं 'कंटाळा' करून टाकलं. तेव्हापासून, 'काकाजीचा कंटाळा आला', 'कंटाळा तुमसरले गेला', 'कंटाळ्याची हवा गेली', अशी वाक्यं गावात सर्रास ऐकू येऊ लागली. परगावच्या पाहुण्याला वाटे, या गावातले लोक फारच वैतागलेले दिसतात.

गाडी चांगली होती. दोष होता तो बाबांच्या स्वभावात. बॅटरी ही शेतकऱ्याच्या बैलासारखी, ती मरेपर्यंत जुंपायची आणि मेल्यावरही दोन दिवस उठते का ते पाहायचं, असं त्यांचं तत्त्व होतं. त्यामुळे सकाळी चोक ओढायचा, ॲक्सिलरेटरवर तीनदा पाय मारायचा, चावी फिरवायची, आतून म्हाताऱ्या माणसानं 'कोण आहे?' विचारावं तसा एक आवाज यायचा आणि सगळं शांत व्हायचं. मग बाबा काच खाली करून नुसते बाहेर बघायचे. हाक मारायची गरज नसे. समोरच्या पानठेल्यावरून दोघं, शाळेकडून गुरुजी, टेलरच्या दुकानातून गळ्यात टेप घातलेला टेलर, असे मानकरी आपापल्या जागी येऊन उभे राहत. गुरुजींची जागा डाव्या दिव्यामागे. ती दुसरं कुणी घेत नसे. 'हं, मारा जी!' म्हटलं की गाडी हलायची, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सुटायचा, एक आचका बसायचा आणि धुराचा लोट सोडून कंटाळा निघायचा.

उन्हाळ्यात निराळीच तऱ्हा. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. त्या काळच्या गाडीत पेट्रोलचा पंप इंजिनाच्याच अंगाला चिकटलेला असे. इंजिन तापलं की पंप तापायचा, पंप तापला की नळीतल्या पेट्रोलची वाफ व्हायची, आणि पंप बिचारा पेट्रोलऐवजी वाफच ढकलत बसायचा. गाडी भर रस्त्यात बंद. यावर इलाज एकच. पंपावर ओलं फडकं टाकायचं आणि झाडाखाली बसायचं. आमच्या घरात तापासाठी आणि पंपासाठी फडकी वेगवेगळी होती. पंपाच्या जरा बऱ्या कापडाची.

या साऱ्या प्रकाराचा एक घरगुती परिणाम असा, की बाबा कधी एकटे घरी आले नाहीत. ज्यानं गाडी ढकलली त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, हा त्यांचा दुसरा नियम. आईचे कान फार तिखट. वळणावर गाडीचा घर्र-घर्र-फट् असा आवाज आला की ती हातातलं काम टाकून आधी तांदळाच्या डब्याकडे जायची. किती मुठी वाढवायच्या याचा तिचा हिशेब होता. थंडीत तीन माणसं, पावसाळ्यात चार, आणि मे महिन्यात देवाला ठाऊक. भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि मिरचीचा ठेचा एवढ्यावर आमच्या ओसरीत गावातली निम्मी भांडणं मिटली. दोन लग्नंही जमली. पैकी एका लग्नातला नवरदेव उजव्या दिव्यामागचा होता.

२०११ साली बाबा गेले. कंटाळा मिलच्या शेडमध्ये गेला. मी नोकरीनिमित्त गावोगाव बदल्या खात फिरत होतो. २०२२ मध्ये निवृत्त होऊन सिहोऱ्याला परतलो, तेव्हा शेडचं दार उघडलं तर बॉनेटवर कोंबडी बसलेली. ती माझ्याकडे अशा नजरेनं बघू लागली की मालकीण ती आणि पाहुणा मी.

तुमसरच्या मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकं घालून बसला आणि डॉक्टर बाहेर येऊन चष्मा पुसतात तसे हात पुसत म्हणाला, "साहेब, बोर गेला, पिस्टन गेले, ब्लॉकले तडा गेला. राहिला फक्त आवाज."

"मग आता?"

"आता दुसरं इंजिन पायजे जी. नाई तर कोंबडीच बरी हाय."

त्याच सुमारास माझा भाचा सुटीवर आला होता. पुण्याला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो म्हणाला, "मामा, दुसरं टाकायचंच तर एम.पी.एफ.आय. टाकू."

मला वाटलं, ही एखादी विमा योजना असावी. भाच्यानं मग मला समजावलं, आणि त्यानं समजावलेलं मी माझ्या पद्धतीनं समजून घेतलं. ते असं. जुन्या गाडीतला कार्बोरेटर म्हणजे आमची आई. हवा अरुंद नळीतून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो, आणि त्या ओढीनं पेट्रोल आपोआप तिच्यात मिसळतं. सगळा अंदाजाचा मामला. हवा थंड असली की चोक ओढून जरा जास्त पेट्रोल, म्हणजे एक मूठ वाढवली. जमलं तर अमृत, चुकलं तर धूर. इंजेक्शनवालं इंजिन म्हणजे आमची सूनबाई. तिच्या स्वयंपाकघरात मापाचे चमचे टांगलेले. प्रत्येक सिलिंडरच्या दाराशी एकेक बारीक पिचकारी. हवा किती आत आली, इंजिन किती तापलं, पाय किती दाबला, आणि जळून गेलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे सगळं मोजून एक पत्र्याचा डबा ठरवतो की पिचकारी सेकंदाचा किती हजारावा भाग उघडी ठेवायची. पंपही इंजिनापासून दूर, टाकीपाशी. तो विजेवर चालतो, पेट्रोल दाबानं पुढं पाठवतो आणि उरलेलं परत टाकीत आणतो. त्यामुळे वाफ धरत नाही. ओल्या फडक्याची नोकरी गेली.

जर्मनीत मर्सिडीजनं १९५४ सालीच आपल्या ३०० एसएल गाडीच्या इंजिनाला इंजेक्शन दिलं होतं. आपल्याकडे मात्र इंजेक्शन म्हटलं की दंडावर की कमरेवर, एवढाच प्रश्न पुष्कळ वर्षं होता. १९९९ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातल्या नव्या गाड्यांना धुराचे युरो नियम लावले, आधी युरो एक आणि मग एप्रिल २००० पासून युरो दोन. तेव्हा कुठे आपल्या गाड्यांनी भराभर बाह्या वर केल्या.

"पण कॉन्टेसाला हे इंजिन मिळणार कुठून?" मी विचारलं. ती गाडी तर २००२ सालीच बंद पडलेली.

भाचा हसला. "अँबेसिडरमधून."

इथे मला या घराण्याचा थोडा इतिहास सांगितला पाहिजे. कॉन्टेसाचं अंग विलायती. इंग्लंडातल्या व्हॉक्सहॉलची १९७० च्या दशकातली गाडी तिकडे बंद झाली, तिचे साचे इकडे आले आणि १९८४ साली बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून ती कॉन्टेसा म्हणून बाहेर पडली. अंगावर असा झकास सूट, पण बटणं काढून आत बघावं तर छातीत अँबेसिडरचंच १४८९ सीसीचं जुनं इंजिन! म्हणजे नवरदेवाचा शेला पांघरून पुन्हा आपला तोच हेडक्लार्क. तो काळच तसा होता. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं १९८५ मध्ये इंग्लंडच्या देखण्या रोव्हरच्या अंगात आपल्या जुन्या व्हॅनगार्डच्या वंशातलं इंजिन घातलं. मुंबईच्या प्रीमियरनं ११८ एनई काढली, तिचं अंग इटलीच्या फियाटचं आणि हृदय जपानच्या निस्सानचं. पुढे कॉन्टेसालाही जपानच्या इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन मिळालं, पाच गिअर मिळाले, आणि मग मात्र ती खरोखर धावू लागली. बाबांची गाडी त्या पिढीतली. त्या काळात रस्त्यावर तिला मागं टाकणारं फारसं काही नव्हतं. बंद पडली तरच.

तेच इसुझू इंजिन नंतर अँबेसिडरलाही दिलं गेलं, आणि नियम कडक झाल्यावर त्याला इंजेक्शन लागलं. अँबेसिडर २०१४ पर्यंत निघत होती. म्हणजे हिशेब असा झाला, की आमच्या गाडीला तरुण हृदय हवं होतं आणि ते मिळणार होतं तिच्याहून म्हाताऱ्या गाडीच्या छातीत. कॉन्टेसापुढे अँबेसिडर म्हणजे आजीबाई, १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डच्या वळणाची. पण माणसांतही पाहतोच की आपण. नातू सकाळी नऊला उठतो आणि आजोबा पहाटे पाचला तलावावर फिरून आलेले असतात.

नागपूरच्या भंगारवाल्याकडे एका सरकारी लिलावातली पांढरी अँबेसिडर सापडली. अंगाला गंज, पण इंजिन साहेबी. वीस वर्षं साहेब लोकांना बैठकीला नेऊन सावलीत उभं राहिलेलं, त्यामुळे फारसं झिजलेलं नव्हतं. मिस्त्री म्हणाला, "सरकारी इंजिन हाय जी. काम कमी, आराम जास्त. लै टिकते."

मोटारीचं इंजिन मनात आलं म्हणून बदलता येत नाही, ही गोष्ट फार थोड्या हौशी लोकांना ठाऊक असते. मोटार वाहन कायदा १९८८ चा, त्याचं कलम ५२. कंपनीनं दिलेल्या तपशिलांशी नोंदणी पुस्तक विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही आणि इंजिन बदलायचं तर नोंदणी अधिकाऱ्याची संमती घ्यायची. त्यात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीच्या मूळ रचनेबाहेर जाऊ नका म्हणून बजावलं. आमचं भाग्य एवढंच, की इंजिन त्याच घराण्याचं, तेवढ्याच सीसीचं आणि पेट्रोलवरचंच होतं. तरी अर्ज, लिलावाची पावती, इंजिन नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीनं घासलेला ठसा, असं सगळं घेऊन मी भंडाऱ्याला गेलो. माझ्या स्वतःच्या लग्नाला एवढे कागद लागले नव्हते.

घरात मात्र एक संमती अजून घ्यायची होती. आईची. ती आता ८४ वर्षांची. बाबांच्या गाडीतून बाबांचं इंजिन काढतोय, हे तिला सांगायचं कसं? हिला म्हटलं, तू सांग. ही म्हणाली, "इंजिन तुमचं, आई तुमच्या." शेवटी मीच सांगितलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "जुनं कोठी ठेवशील?" मी म्हटलं, "शेडमध्येच." "ठीक हाय," म्हणाली आणि खडा काढून टाकला.

मग एका सकाळी शेडपुढच्या कडुनिंबाला चेन-कप्पी लावली. जुन्या इंजिनाचे नट-बोल्ट सुटले, साखळी ताणली गेली आणि ते काळं, तेलकट धूड हळूहळू वर आलं. गुरुजी आले होते. ते आता पंचाहत्तरीचे. टेलरही आला होता, टेप अजून गळ्यात. कुणी काही बोलेना. अधांतरी लोंबकळणाऱ्या त्या इंजिनाकडे बघून गुरुजींनी टोपी काढली. ऊन लागत होतं म्हणून की कशासाठी, ते मी विचारलं नाही. खाली गाडीत नुसता खड्डा उरला होता, दात काढल्यावर जिभेला लागतो तसा.

नवं इंजिन जागेवर बसलं दुपारपर्यंत. घराणं एकच, त्यामुळे पायाखालचे रबर आणि गिअरबॉक्स यांनी ओळख दाखवली. खरा घोळ पुढं. जुन्या गाडीत वायरी मोजून दहा-बारा, त्याही ओळखीच्या. या नव्या इंजिनाबरोबर वायरींचं एक जाळं आलं, चांदपूरच्या तलावात टाकलं तर आठवड्याची मासळी निघेल एवढं. दोघांनी ते ओसरीवर पसरलं. भाचा नकाशा वाचायचा, मिस्त्री एकेक वायर ओढायचा. चार दिवस आमच्या घरात पाय टाकायला जागा नव्हती. जुनी रबरी नळी नव्या पंपाचा दाब सोसणार नाही म्हणून ती बदलली. पेट्रोल परत आणायला टाकीपर्यंत दुसरी नळी टाकली. सायलेन्सरच्या तोंडाशी ऑक्सिजन मोजणारं नाक बसवलं. पाचव्या दिवशी भाच्यानं चावी अर्धी फिरवली. मागं टाकीकडून 'गुंऽऽ' असा दोन सेकंद आवाज आला, जणू कुणी गळा साफ केला. मग चावी पूर्ण फिरवली, आणि गाडी चालू झाली.

एवढंच. चालू झाली. चोक नाही, पाय मारणं नाही, आचका नाही, धूर नाही. मिस्त्रीनं बॉनेटवर हात ठेवून खात्री केली. गुरुजी बाह्या वर करून डाव्या दिव्यामागे उभे होते. ते तसेच उभे राहिले.

चाचणी म्हणून चांदपूरच्या बाजूला गेलो. टेकडीवरचा हनुमान आमच्या भागात नवसाला पावणारा. त्याच्या चढावर कंटाळा पूर्वी हमखास बसायचा. या वेळी तिसऱ्या गिअरमध्ये चढला. उतरताना मात्र एका वळणावर इंजिनानं उचकी दिली. टाकीत पेट्रोल कमी होतं, वळणावर ते सगळं एका कुशीला गेलं आणि पंपानं हवाच गिळली. कार्बोरेटरच्या पोटात थोडा साठा असतो, त्याला घासभर उशीर चालतो. हिला चालत नाही. परत येऊन मिस्त्रीनं टाकी रिकामी केली, पाण्यानं भरभरून धुतली, वाळवली आणि आत पंपाच्या तोंडाभोवती पत्र्याची वाटी बसवून दिली. वळणावरही तिच्यात चार घोट राहतात. "लेकराले वाटीतच पाजा लागते जी," तो म्हणाला.

त्यानंतर गाडीनं तक्रारीला जागा ठेवली नाही. आणि इथूनच माझ्या तक्रारी सुरू झाल्या.

मी तुमसरला जायचो, यायचो. बसस्टँडसमोरून गाडी अशी गुपचूप जायची की पानठेल्यावरचे लोक मान वर करेपर्यंत मी वळलेलो असायचो. गुरुजी पहिले आठ दिवस सकाळी येऊन उभे राहिले. मग येईनासे झाले. टेलर एकदा भेटला तेव्हा म्हणाला, "चांगली झाली जी गाडी. आता काही काम नाई राहिलं आमचं." त्यात रुसवा होता असं नाही. पण आनंदही नव्हता.

घरी निराळंच. रोज भात उरू लागला. आईचा हात पंचवीस वर्षांच्या सवयीनं डब्यात दोन मुठी जास्तच जायचा. रात्री ती ताटं मोजायची आणि विचारायची, "काहून रे बाबू, कोणी आलं नाई का?" मी म्हणायचो, "नाही." ती भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवायची. दुसऱ्या दिवशी फोडणीचा भात. तिसऱ्या दिवशीही फोडणीचा भात. माझी खात्री झाली, की आईला तो जुना आवाज आठवतो. तो ऐकूनच तर ती बाबांची चाहूल घ्यायची. आपण इंजिन नाही, बाबांचं येणं काढून टाकलं.

मी मनाला फार लावून घेतलं. मिस्त्रीला म्हटलं, जुनं इंजिन लोखंडी घोडीवर ठेव, बाटलीतून पेट्रोल दे आणि कसंही करून दोन मिनिटं चालू कर. तडा गेलेलं असलं तरी दोन मिनिटं थंडपणी चालेल, म्हणाला. एका संध्याकाळी आईला शेडपुढं खुर्चीवर बसवलं आणि त्यानं ते सुरू केलं. घर्र-घर्र-फट्! काळा धूर निघाला, कोंबड्या उडाल्या, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थोडं धुरानं, थोडं खरंच.

आईनं पदर नाकाला लावला. "बंद कर रे ते! पंधरा वर्षं ऐकलं, तेवढं पुरे झालं."

"पण आई, तुला हा आवाज..."

"आवाजाले काय करू? त्या आवाजानं मले कळे का किती जण जेवाले हायेत. आवाज गेला त्याचं काई नाई. माणसं कोठी गेली?"

त्या रात्री मी उशिरापर्यंत जागा होतो. आम्ही सगळ्यांनी मिळून गाडीतला दोष काढला होता. उत्तम काढला होता. पण दोषाच्या मागं तीन-चार माणसं धरून उभी होती, ती इंजिनाबरोबर बाहेर निघतील हे ना भाच्याच्या नकाशात होतं, ना कलम ५२ मध्ये. 'या की जेवायला,' असं मी त्यांना सरळ म्हणू शकलो असतो. एक-दोनदा म्हटलंही. गुरुजी म्हणाले, "येऊ की कधीतरी." आमच्याकडे 'कधीतरी' हा न येण्याचा वार आहे. काम केल्याशिवाय दुसऱ्याच्या ताटावर बसायचं नाही, अशी ती पिढी.

डॅशबोर्डखाली, डाव्या गुडघ्याजवळ, भाच्यानं पंपाचा फ्यूज बसवला आहे. नखाएवढा, निळा, १५ अँपियरचा. चिमटीत धरून ओढला की निघतो. मग पंप मुका, पिचकाऱ्या कोरड्या, आणि गाडी कितीही चावी फिरवा, नुसती दम टाकते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी बसस्टँडसमोर गाडी थांबवली, पान घेतलं, परत येऊन चावी फिरवली. गाडी चालू होईना. तीनदा फिरवली. मग काच खाली करून नुसता बाहेर बघत बसलो.

पानठेल्यावरून दोघं उठले. टेलर कात्री ठेवून आला. आणि शाळेच्या बाजूनं गुरुजी येताना दिसले, काठी टेकत पण भरभर. "म्हटलं नव्हतं मी?" ते लांबूनच ओरडले. "नवं इंजिन असो का फिंजिन, शेवटी माणूसच लागतो!" काठी त्यांनी मागच्या काचेला टेकवली आणि डाव्या दिव्यामागे उभे राहिले. मी गुडघ्याखाली हात घालून फ्यूज हळूच जागेवर दाबला, चावी फिरवली, दुसरा गिअर टाकला. "हं, मारा जी!" क्लच सुटला, गाडी चालू झाली. मागं आरशात चौघं घाम पुसत एकमेकांकडे पाहत होते, इतके खूश, जणू विमान उडवलं. त्यांना तसं सोडून जाणं शक्यच नव्हतं. चौघांनाही गाडीत घालून घरी आणलं. आईनं काही विचारलं नाही. त्या रात्री भात उरला नाही.

तेव्हापासून कंटाळा महिन्यातून दोन-तीनदा बंद पडतो. मिस्त्रीला गावातून तक्रारी जातात, तो माझ्याकडे बघून डोळा मारतो आणि कबूल करतो, "हो जी, नवीन मालात दम नसते." भाच्याला फोनवर कुणीतरी कळवलं. तो बिचारा पुण्यात बसून वायरींचा नकाशा पुन्हा तपासतो आहे. त्याला सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

माझी समजूत अशी होती, की हे गुपित मी आणि मिस्त्री, आमच्या दोघांतच आहे. परवा रात्री जेवायला बसलो, तर ताटात मिठाच्या शेजारी काहीतरी निळं दिसलं. उचलून पाहिलं, फ्यूज.

"धुण्यात चालला होता," आई म्हणाली. "शर्टाच्या खिशात नोको ठेवत जाऊ." आणि उठता उठता तांदळाच्या डब्याकडे बघून विचारलं, "उद्या बाजार हाय ना? किती जणांचा टाकू?"